मॅब्रीदादाच्या बदल्यात

आदरणीय हायरम मामा आणि ओपल मामी,

बफेलोहून ट्रॅव्हिसचा टोपी काढून नमस्कार. (टोपी खरोखरच काढली आहे. इथे फेब्रुवारीत घरातसुद्धा कोणी डोकं उघडं ठेवत नाही, तेव्हा माझ्या मनात तुमच्याविषयी किती आदर आहे ते यावरूनच समजून घ्यावं.) मामा, तुमच्या गुडघ्याला उतार पडला का? मामीची बिस्किटं आणि चर्चच्या छपराची गळती दोन्ही पूर्वीसारखंच जोरात चालू असेल अशी आशा करतो. मागच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नका. मामीने लिहिलं होतं की तीन वर्षांत चार नोकऱ्या सोडणारा पोरगा पाचवीही सोडून कुठेतरी पळाला असणार. मामी, नोकरी सोडलेली नाही. कोंबड्यांच्या कारखान्यात मला वास सहन झाला नाही, पेट्रोल पंपावर मालक सहन झाला नाही, पण इथे गेले पंधरा दिवस मीच इतरांना सहन होत नाही, त्यामुळे पत्र राहिलं. आता सगळं पहिल्यापासून सांगतो. मामीला सांगा चहा टाकून बसायला.

तुम्हाला ठाऊक आहेच की मी बार्जमेन बास्केटबॉल क्लबाच्या सामानखोलीत आहे. सामना झाला की पंधरा खेळाडूंच्या जर्स्या, चड्ड्या, मोजे आणि दोनशे टॉवेल धुवायचे, घड्या घालायच्या आणि ज्याचं त्याच्या कपाटात नेऊन ठेवायचं. माझ्यावर बड व्हॉयचिक साहेब आहेत. एकोणतीस वर्षं या एकाच खोलीत काढलेला माणूस, कोणाच्या मोज्याला कुठे भोक पडणार ते भोक पडायच्या आधी सांगतो. सध्या ते हर्नियाच्या ऑपरेशनसाठी रजेवर आहेत, आणि पुढे जे काही घडलं ते त्यांच्या पोटाला टाके होते म्हणून घडलं असं माझं मत आहे. त्यांचं मत निराळं आहे.

राहायला मी मॅब्रीदादाकडे होतो. मॅब्रीदादा म्हणजे डेमेट्रियस मॅब्री, आमच्याच क्लबाचा खेळाडू, वय चौतीस. त्याच्या गॅरेजवर एक खोली आहे, ती त्याने मला दिलेली. भाडं काही नाही. मी दारातला बर्फ उपसायचा, त्यांचं कुत्रं फिरवून आणायचं आणि मंगळवारी कचऱ्याचे डबे रस्त्याला लावायचे. त्याची बायको योलांडावहिनी रविवारी मला जेवायला बोलवायची आणि मी किती खातो ते पाहून दर रविवारी तितकीच चकित व्हायची. आता दादा खेळतो काय, तर बाकावरून उठून अकरा मिनिटं खेळतो. आमचा जो मोठा खेळाडू आहे, ज्याचं तोंड दुधाच्या गाड्यांवर छापलेलं आहे, त्याच्या मागे कोणी धावत आला की मॅब्रीदादा मध्ये उभा राहतो. धावणारा येऊन धडकतो, दादा पाठीवर आपटतो, दुधाच्या गाडीवाला चेंडू जाळीत टाकतो आणि वीस हजार लोक त्याच्या नावाने ओरडतात. दादा उठतो, पाठ झटकतो, पुन्हा मध्ये उभा राहतो. बारा वर्षं हाच धंदा.

आता इथला कायदा सांगतो, फार अवघड नाही. लीगने क्लबांच्या पगारावर एक रेघ मारून ठेवली आहे. सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून त्या रेघेच्या वर गेले की वरच्या प्रत्येक डॉलरमागे आणखी एक डॉलर दंड. आमचा क्लब अडतीस लाखांनी वर. मॅब्रीदादाचा पगार एक्केचाळीस लाख. ही वजाबाकी नववीत शाळा सोडलेल्या मला जमली, तर वरच्या मजल्यावर कॉलेजात शिकलेली सहा पोरं बसवली आहेत त्यांना का नाही जमणार? दादाला दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घातलं की आपण रेघेखाली. टल्साच्या क्लबाकडे रेघेखाली भरपूर जागा होती आणि ते घ्यायला तयार होते. मुदत होती पुढच्या गुरुवारी दुपारी तीनपर्यंत, नंतर या हंगामात कोणाला हलवता येत नाही. मामा, तुम्ही म्हणाल की एक्केचाळीस लाख मिळवणाऱ्या माणसाचं कसलं दुःख करायचं, टल्साला जाईल नाहीतर चंद्रावर. बरोबर आहे. रडायचं होतं ते मला. दादा गेला की वहिनी घर विकणार, घराबरोबर गॅरेज जाणार आणि गॅरेजबरोबर गॅरेजवरचा मी. बफेलोत फेब्रुवारीत खोली शोधणं म्हणजे काय ते तुम्हाला केंटकीत बसून कळायचं नाही.

बरं, सौदा व्हायचा होता, झाला नव्हता. कारण आमचे जनरल मॅनेजर व्हिटकॉम्ब साहेब. माणूस सज्जन, पण तोलून पाहिल्याशिवाय सँडविचसुद्धा मागवत नाहीत. मोहरी घातलेलं बरं की न घातलेलं, यावर त्यांचा अर्धा तास जातो आणि तोवर कॅन्टीन बंद होतं. विचार करायचा असला की ते खाली आमच्या लाँड्रीत येतात, कारण मशिनांच्या आवाजात पत्रकारांना काही ऐकू जात नाही. त्या आठवड्यात रोज यायचे. टॉवेलांच्या ढिगाला टेकून स्वतःशीच म्हणायचे, एका बाजूला अडतीस लाख, दुसऱ्या बाजूला मॅब्री. मग मान हलवून जायचे. एक दिवस त्यांनी मलाच विचारलं, की बाबा रे, मॅब्रीबद्दल तुझं काय म्हणणं आहे. मामा, अशी संधी माणसाला आयुष्यात एकदा मिळते. मी म्हटलं, साहेब, मैदानावरचं मला कळत नाही, पण कपडे खोटं बोलत नाहीत. बाकीच्यांच्या जर्सीवर छातीला घाम असतो. दादाच्या जर्सीच्या पाठीला मैदानाचं पॉलिश असतं. ती दोनदा साबण लावल्याशिवाय निघत नाही. साहेबांनी बराच वेळ विचार केला आणि खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. मला वाटलं, जिंकली केस. दुसऱ्या दिवशी त्या सहा पोरांपैकी एक जण खाली आला आणि मॅब्रीच्या जर्सीला दर सामन्याला किती साबण जास्त लागतो ते विचारून गेला. त्यांच्या तक्त्यात दादाच्या नावापुढे एक नवीन रकाना पडला होता, धुलाईचा जादा खर्च. वकिली करायला गेलो आणि अशिलाच्या डोक्यावर साबण चढवून आलो.

मग शुक्रवारी सकाळी वरून चिठ्ठी आली. आमच्या खोलीत अशी चिठ्ठी येते, तिच्यात दोन रकाने असतात, जाणार आणि येणार. जाणारच्या खाली मॅब्री. येणारच्या खाली आर. गेडव्हिलास. वर लाल शिक्का, विचाराधीन. हा गेडव्हिलास कोण ते मला पुढच्या मंगळवारी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे फसाल. लीगच्या नियमाने माणूस नुसता देऊन टाकता येत नाही, बदल्यात काहीतरी घ्यावंच लागतं. आणि क्लबांना तर बदल्यात काहीच नको असतं, कारण जो येईल त्यालाही पगार आलाच. म्हणून ते एकमेकांना नावं देतात. वीस वर्षांपूर्वी कुठल्याशा क्लबाने लिथुआनियातल्या एका उंच पोराचं नाव लिहून ठेवलं होतं, की हा कधी अमेरिकेत खेळला तर आमच्याकडेच खेळेल. त्याला कोणी बोलावलं नाही, तो कधी आला नाही, पण बोलावण्याचा हक्क शिल्लक राहिला. लग्नात आलेली भेटवस्तू न उघडता पुढच्या लग्नात देतात तसं ते नाव पाच क्लबांतून फिरत फिरत टल्साकडे आलं होतं, आणि आता आमच्या लग्नात येणार होतं. यातली एकही गोष्ट त्या माणसाला कोणी कळवलेली नव्हती.

मला तर बड साहेबांचा नियम तेवढा माहीत. येणारच्या रकान्यात नाव दिसलं की पहिलं काम फोन करून बुटाचं माप घ्यायचं. मोठ्या मापाचे बूट यायला अकरा दिवस लागतात, आणि बड साहेबांच्या खोलीतून आजवर एकही खेळाडू अनवाणी मैदानात गेलेला नाही. लाल शिक्का मी पाहिला होता, मामा. पाहिला नाही असं मी म्हणणार नाही. पण मी म्हटलं, वरच्यांचा विचार आज ना उद्या होईल, बूट अकरा दिवसांनी येईल, बुटाने कशाला ताटकळायचं? रेकॉर्डातल्या बाईंनी एका पिवळ्या पडलेल्या फायलीतून त्याच्या आईचा नंबर काढून दिला. आईने फोन उचलला. मला तिचं कळेना, तिला माझं. मी आपला 'गेडव्हिलास, बास्केटबॉल, गेडव्हिलास' असं म्हणत राहिलो. तिने रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि बहुतेक खिडकीतून हाक मारली, कारण मग दुसऱ्या कोणीतरी हाक मारली, मग तिसऱ्याने, अख्खी आळी त्याला बोलावत होती असं वाटलं. शेवटी धापा टाकत एक जाडा आवाज आला. मी सांगितलं, बफेलोच्या क्लबातून बोलतोय, तुमच्या बुटाचं माप पाहिजे. मग तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "अठरा. वीस वर्षं झाली. मला वाटलं तुम्ही विसरलात."

मी म्हटलं, आमच्याकडे कोणी कोणाला विसरत नाही. (हे मी का म्हटलं ते मला अजून सांगता येत नाही. बड साहेब असं बोलतात.) त्याने विचारलं, कधी येऊ? मी म्हटलं, गुरुवारी तीनच्या आत आलेलं बरं.

मंगळवारी दुपारी गेटवरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. म्हणाला, "ट्रॅव्हिस, तुझा कोणी पाहुणा येणार होता का रे? दारात मावत नाहीये." जाऊन बघतो तर सात फूट उंच, एक्केचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला माणूस दोन बॅगा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला बाम मासा घेऊन उभा. त्याच्या गावात त्याची मोटार शिकवायची शाळा होती. ती त्याने शनिवारी मेहुण्याला देऊन टाकली, रविवारी आईचा निरोप घेतला आणि तीन विमानं बदलून आला. इतका उंच माणूस छोट्या गाडीत बसून लोकांना गाडी कशी शिकवत असेल हे मी विचारलं, तर म्हणाला, मागच्या सीटवरून. मी त्याला लाँड्रीत बसवून कॉफी दिली. तेवढ्यात व्हिटकॉम्ब साहेब नेहमीप्रमाणे तोलायला खाली आले. दोघांची गाठ पडली. गेडव्हिलासने उभं राहून हात पुढे केला आणि म्हणाला, आलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मामा, त्या नजरेचं वर्णन करण्याइतकं माझं शिक्षण झालेलं नाही. मग ते फक्त एवढंच म्हणाले, की तू आणलास, तू सांभाळ.

तिथेच त्याला दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं असतं तर मी आज सुखाने गॅरेजवर झोपलो असतो, किंवा झोपलो नसतो, कोण जाणे. पण कॉफीच्या मशीनजवळ एका पत्रकाराने त्याला पाहिलं आणि बुधवारी पेपरात बातमी, व्हिटकॉम्बचा हुकमी पत्ता. टल्साच्या साहेबांनी ती वाचली. त्यांनी आमच्या साहेबांना फोन करून विचारलं, हा काय प्रकार? साहेबांनी खरं ते सांगितलं, की मला या माणसाबद्दल काहीच माहिती नाही. आता तुम्हीच सांगा, मामा, तुम्ही म्हातारी घोडी विकायला काढली, आणि गिऱ्हाईक म्हणालं की मला तिच्याबद्दल काहीच माहिती नाही, पण मी तिच्यासाठी खोगीर मागवलंय, तर तुम्ही काय समजाल? टल्साच्या साहेबांनी तेच समजलं. इकडे गेडव्हिलासला बसून बसून कंटाळा आला म्हणून मी त्याला सरावाच्या मैदानावर नेलं. त्याने चष्मा पुसला, रेषेवर उभा राहिला आणि लागोपाठ अकरा चेंडू जाळीत टाकले. धावला बिवला नाही, त्याला धावायला सांगितलंही नाही कोणी. वर खुर्च्यांत व्हिटकॉम्ब साहेब वही घेऊन बसले होते. संध्याकाळपर्यंत त्या सहा पोरांनी तक्ता केला: प्रयत्न अकरा, चूक शून्य.

गुरुवारी साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, मी आणि गेडव्हिलास. दार उघडं होतं. आत दादाचा निकाल लागत होता, म्हणजे माझ्या छपराचा. अडीच वाजता टल्साचा फोन आला, की मॅब्रीला आम्ही घेतो, पण गेडव्हिलास देणार नाही, त्याच्याऐवजी एका ब्राझीलवाल्याचं नाव घ्या. (तो ब्राझीलवाला आता पाद्री झाला आहे असं नंतर कळलं.) दोन दिवसांपूर्वी साहेबांनी कुठलंही नाव घेतलं असतं, मांजराचंसुद्धा. पण आता ते अडून बसले. त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "गेडव्हिलासला मी तोललंय. या ब्राझीलवाल्याला तोललेलं नाही. न तोललेला माणूस मी घेऊ कसा?" तिकडून म्हणे, गेडव्हिलास नाही. इकडून म्हणे, मग मॅब्री नाही. ज्या माणसाला वीस वर्षांत कोणी बूट घालून दिला नव्हता त्याच्यासाठी दोन क्लब हट्टाला पेटले आणि एक्केचाळीस लाखांचा मॅब्रीदादा दोघांनाही आठवेना. घड्याळात तीन वाजले. आत फोन ठेवल्याचा आवाज आला. गेडव्हिलासने मला हळूच विचारलं, कोण जिंकलं? मी म्हटलं, आपण. आणि मामा, मी त्या माणसाला मिठी मारली, कमरेपर्यंत पोचली तेवढी.

मालकांना दंड पडला. ते गॅरेजचे दरवाजे विकून श्रीमंत झालेले आहेत, त्यांनी आता प्रत्येक खोलीतून काटकसर करायचा हुकूम सोडला आहे. शुक्रवारी टल्साचा माणूस येऊन गेडव्हिलासला बघून गेला. त्याने त्याला एकदाच या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायला लावलं, धन्यवाद म्हटलं आणि टल्साने त्याच्यावरचा हक्क सोडून दिला. वीस वर्षांत पहिल्यांदाच तो कोणाचाच नव्हता. बाकावर बसून बाम माशाचा तुकडा चघळत होता आणि अर्धा मलाही देत होता.

मला वाटलं होतं, मॅब्रीदादा माझे आभार मानेल. तो आला, त्याने गेडव्हिलासच्या दोन्ही बॅगा उचलल्या आणि त्याला आपल्या घरी जेवायला नेलं. कुत्रं मला चार महिन्यांत कधी चिकटलं नाही, ते त्याच्या पायावर जाऊन झोपलं. जेवण झाल्यावर दादाने मला विचारलं,

"ट्रॅव्हिस, या माणसाला घर सोडून यायला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "मी."

"मग याला खोली कोणी द्यायची?"

योलांडावहिनी माझ्याकडे पाहत होती आणि यावेळी ती चकित वगैरे झालेली नव्हती. मी जाऊन माझे कपडे कचऱ्याच्या पिशवीत भरले. म्हणजे हिशोब असा झाला, की दादा राहिला, घर राहिलं, गॅरेज राहिलं, गॅरेजवरचा मी तेवढा गेलो. गेडव्हिलास आता वहिनीला बर्फात गाडी चालवायला शिकवतो आहे, आणि तिचं पाहून आणखी तीन खेळाडूंच्या बायकांनी नाव नोंदवलं. त्याची आई उन्हाळ्यात यायची आहे. मी लाँड्रीतल्या घड्या घालायच्या टेबलावर झोपतो. टॉवेल मऊ आहेत, आणि दोनशे आहेत. दादा भेटला की खांद्यावर थाप मारतो आणि त्याची जर्सी अजून दोनदा साबण लावल्याशिवाय निघत नाही. बड साहेब टाके निघाले की येणार आहेत, त्यांना अजून अठरा नंबरच्या बुटांबद्दल सांगितलेलं नाही. बूट काल आले.

बाकी काही नाही. मामीच्या बिस्किटांची आठवण येते, आणि तुमच्या दोघांचीही, त्याच क्रमाने.

तुमचा भाचा,
ट्रॅव्हिस

ता. क. खरं तर पत्र यासाठी लिहिलं. फार्गोला, डकोटात, आमच्या क्लबाच्या नात्यातला एक छोटा क्लब आहे. त्यांना लाँड्रीत माणूस हवा आहे आणि त्यांच्याकडे एक ड्रायर जास्तीचा आहे. आमच्याकडे उलटं आहे. व्हिटकॉम्ब साहेब काल खाली आले होते, टॉवेलांना टेकून माझ्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले, आणि मी ओळखलं की मला तोलताहेत. फार्गो इथल्याहून गार आहे आणि मी कंटाळलो असलो तरी गोठायची इच्छा नाही. नियम असा, की घेणाऱ्याने माणसाच्या तब्येतीची चौकशी करायची, दोष निघाला की सौदा रद्द. तेव्हा मामा, डकोटातून कोणाचा फोन आला तर कृपा करून सांगा, की हा सहा वर्षांचा असताना तंबाखूच्या कोठारावरून पडला आणि तेव्हापासून याची पाठ कामातून गेली आहे. मामीलाही पढवून ठेवा, तिला खोटं बोलताना हसू येतं.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार होतो तेवढ्यात वरून चिठ्ठी आली. जाणारच्या खाली माझं नाव आहे, सबंध, आडनावासकट. व्हिटकॉम्ब साहेब एका ड्रायरवर तयार झाले नाहीत. दोन मागितले आणि फार्गोने दोन कबूल केले, हॉटेलात असतात तसले मोठे. तेव्हा पाठीचं काही बोलू नका. उलट सांगा की हा पोरगा वासरू खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचा. बारा वर्षं खेळलेल्या मॅब्रीदादाच्या बदल्यात नुसतं एक नाव मिळत होतं, मामा. माझ्या बदल्यात दोन ड्रायर येताहेत, चालू स्थितीतले. हे गावात सांगायला हरकत नाही.